वंशावळीत कोण कोण नाही?



हल्ली आपल्या वस्त्यांत एक बोलणं सारखं कानावर येतं. आपल्या आडनावाची माणसं शोधायची. कुठल्या गावात किती घरं, कुणाचा आज्जा कुणाचा चुलता, मूळ गाव कुठलं, हे सगळं गोळा करायचं. वंशावळ लिहायची, मेळावा घ्यायचा, जमलं तर मंडळ काढायचं. बनसोड्यांचं एक, गायकवाडांचं एक, कांबळ्यांचं एक. सोलापुरात बुधवार पेठेत उभं राहून हाळी दिली तर एकेका आडनावाची पन्नास माणसं जमायला वेळ लागणार नाही. पोरांचा यातला उत्साह खरा आहे, त्याची टिंगल करायची नाही. पण ज्या चळवळीनं जन्मावरून माणूस मोजायला नकार दिला, तिच्याच पोरांनी आपण कुणाच्या वंशातले हे शोधत हिंडावं का? हिंडावं तर कशासाठी? ह्या प्रश्नाला बगल देऊन मांडव घालता येणार नाही.

आधी पोटापाण्याची बाजू बघू. वंशावळ आपल्याला नुसती हौस म्हणून लागत नाही. अनुसूचित जातीचा दाखला काढायचा, त्याची पडताळणी करून घ्यायची, तर १० ऑगस्ट १९५० च्या आधीपासून आपलं घराणं ह्याच राज्यात राहात होतं आणि त्याची जात अमुक होती, हे कागदावर दाखवावं लागतं. अनुसूचित जातींचा राष्ट्रपतींचा आदेश निघाला तो हा दिवस. मग पोरगं आज्ज्याचा शाळेचा दाखला शोधायला लागतं. आज्जा शाळेत गेलेलाच नसतो. मग तहसीलच्या खेपा. गाव नमुना नंबर १४, म्हणजे ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात ते जन्ममृत्यूचं रजिस्टर, त्याचा उतारा. कुठं मोडी वाचणारा मिळत नाही, कुठं पान वाळवीनं खाल्लेलं. नोंद सापडलीच तर ती एका ओळीची. पोराचं नाव, बापाचं नाव, जात. ज्या तीन अक्षरांपायी आज्ज्याला गावकुसाबाहेर राहावं लागलं, तीच तीन अक्षरं सापडली म्हणून नातू आनंदानं झेरॉक्सच्या दुकानाकडं पळतो.

यात नातवाचं काही चुकत नाही. नुकसानीची भरपाई मागायची तर नुकसानीचा पुरावा लागतो, आणि तो कागद म्हणजे नुकसानीचा पुरावा आहे. फक्त एवढं ध्यानात ठेवायचं की पुराव्याचा कागद हा अभिमानाचा कागद नव्हे. तो फायलीत ठेवायचा, फ्रेम करून भिंतीला टांगायचा नाही.

आता आडनावाकडं येऊ. एक आडनाव म्हणजे एक रक्त, असं आपण धरून चालतो. हे कितपत खरं आहे? जुने कागद बघा. त्यात आपल्या माणसाला आडनाव नाही. अमका वल्द तमका महार, नाहीतर अमका बिन तमका. त्याच्याही मागं गेलं तर नावाच्या शेवटी ‘नाक’ येतं. खर्ड्याच्या लढाईतला सिदनाक तुम्हाला ठाऊक आहे. कोरेगाव भीमाच्या १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा जो स्तंभ आहे, त्यावरच्या मेलेल्यांच्या यादीत ‘नाक’ लागलेली बावीस नावं आहेत. त्यावरूनच ते आपले हे ओळखता येतं. आडनाव आपल्या कागदांवर ठळक झालं ते पलटण, शाळा, गिरणी अशा ठिकाणी. कारकून विचारणार, ‘आडनाव काय रे?’ कुणी कुळाचं नाव सांगितलं, कुणी गावाला ‘कर’ लावला, कुणाला मास्तरनं जे सुचलं ते चिकटलं. १८७७ साली सोलापुरात जुनी गिरणी सुरू झाली. तिच्यामागं आणखी गिरण्या उभ्या राहिल्या आणि चारी बाजूंची माणसं ह्या शहरात आली. कुठल्या कांबळ्याचं कुळ कुठलं, हे मस्टर लिहिणारा कशाला तपासत बसतोय?

खुद्द बाबासाहेबांचंच बघा. घराण्याचं आडनाव सकपाळ. गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे, म्हणून आंबडवेकर. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या शाळेत नाव दाखल झालं ते भिवा रामजी आंबेडकर. एका माणसाच्या आयुष्यात आडनाव इतकं सरकलं. सकपाळ मराठ्यांतही आहेत. बाबासाहेबांनी सकपाळांचा संघ काढला नाही, आणि आंबेडकर आडनावाची माणसंही शोधत बसले नाहीत. बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. नावातच कुणाला बोलावलंय ते सांगितलं.

तरी बाबासाहेबांनी कुळांचा अभ्यास केला होता, हे पुष्कळांना माहीत नसतं. १९४८ साली निघालेल्या ‘द अनटचेबल्स’ ह्या ग्रंथात त्यांनी अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे, वेगळ्या रक्ताचे, हा सिद्धांत मोडून काढला. त्यासाठी एक पुरावा महाराष्ट्रातलाच घेतला. मराठ्यांची कुळं आणि महारांची कुळं शेजारी ठेवून बघा, एकात आहे ते दुसऱ्यात नाही असं कूळ क्वचितच सापडेल, असं त्यांचं म्हणणं. जाधव इकडंही, तिकडंही. पवार, शिंदे, मोरे तसेच. बडोद्याच्या गादीवर सयाजीराव गायकवाड, त्यांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली बाबासाहेब अमेरिकेला गेले. आणि नाशिकच्या सत्याग्रहात बाबासाहेबांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले तेही गायकवाडच, दादासाहेब. बाबासाहेबांनी कुळाचा धागा हातात घेतला तो जातीची भिंत पोकळ आहे हे दाखवायला. आपण तोच धागा घेऊन जातीच्या आत आणखी एक कुंपण विणणार असू, तर त्यांचं हत्यार आपण उलटं धरलंय.

त्यांच्या आधीच्या पिढीनं वेगळी वाट धरली होती. गोपाळबाबा वलंगकर पलटणीतले. सरकारनं महारांची भरती बंद केली तेव्हा १८९४ च्या सुमाराला त्यांनी अर्ज तयार केला. आम्ही मूळचे क्षत्रिय, दुष्काळात पडेल ते खाल्लं म्हणून खाली ढकलले गेलो, असा त्याचा रोख. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये पुण्यात पत्र काढलं, त्याचं नाव ‘सोमवंशीय मित्र’. म्हणजे वंशाचंच नाव. त्या पिढीला हसू नका. समोरचा कुळी विचारल्याशिवाय दारात उभंही करत नव्हता, तेव्हा त्यांनी कुळी सांगितली. पण त्या वाटेचा शेवट कुठं होतो ते बघा. आम्हीही वरचेच होतो, चुकून खाली आलो, असं म्हटलं की वर आणि खाली असतंच हे कबूल केलं. मग जो चुकून खाली आलेला नाही, मुळातच खाली आहे, त्याचं काय? त्याला तसंच ठेवायचं? बाबासाहेबांनी वर-खाली हीच भाषा नाकारली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आपण जे टाकून आलो त्यात हीही भाषा होती.

वंशावळ ठेवली कुणाची, हाही इतिहास आहे. आपल्या सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडं नि कर्नाटकात हेळवी फिरतात. बैलावर बसून यायचं, घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवायच्या, धान्य-पैसा घेऊन पुढच्या गावाला जायचं. ज्याच्या अंगणात रास, त्याच्या दारात हेळव्याची वही. तीर्थक्षेत्रांच्या उपाध्यांकडं यजमानांच्या पिढ्यांच्या वह्या असतात. पण ज्याला देवळात पाऊल टाकू दिलं नाही, त्याचं नाव उपाध्यानं कशाला जपावं? पंढरपूरचं देऊळ आपल्याला उघडलं ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ साली. आणि गंमत अशी की गावात शिवेचा वाद लागला तर साक्षीला महारालाच बोलवत. कुणाचा बांध कुठवर, दगड कुणी सरकवला, हे त्याला ठाऊक. सगळ्या गावाची आठवण त्याच्या डोक्यात आणि त्याची आठवण कुणाच्याच वहीत नाही. म्हणून पोरांना आज ती वही हवीशी वाटते. ही भूक मी समजू शकतो.

पण भूक लागली म्हणून दुसऱ्याचं उष्टं खायचं नाही, हे आपण शिकलोय. त्यांच्या वहीचा साचा उचलला तर काय होतं?

आपल्याकडं भावकीचा एक जुना अनुभव आहे, तो वतनाचा. महारकी एकाची नव्हती, भावकीची होती. तिच्या तक्षिमा पडलेल्या. यंदा ह्या तक्षिमेची पाळी, पुढं त्या तक्षिमेची. पाळी आली की गावाची वेठ, बदल्यात बलुतं आणि हाडकी-हाडवळ्याचा तुकडा. त्या तुकड्यासाठी भाऊ भावाच्या उरावर बसला. वंशात कोण खरा, कोण उपरा, कुणाचा हिस्सा किती, ह्यावर पिढ्या भांडल्या. आणि भांडत कशासाठी होते? गुलामीत आपला वाटा मिळावा म्हणून. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं. फेब्रुवारी १९४१ मध्ये बार्शीच्या पलीकडं, आज धाराशिव जिल्ह्यात असलेल्या कसबे तडवळ्याला वतनदारांची परिषद झाली, ती महार-मांग वतनदार परिषद होती. दोन जाती एका मांडवात. पुढं १९५८ च्या कायद्यानं ही कनिष्ठ वतनं गेली. जमिनी नव्या शर्तीवर परत मिळाल्या आणि सातबाऱ्यावर वारसांच्या रांगा लागल्या. तुकडा मोकळा होतो असं दिसलं की आजही पन्नास वर्षं न भेटलेले चुलते एकमेकांना शोधत येतात. जमिनीचा हक्क मागावाच, सोडू नये. पण ती भावकी सहीपुरती असते, हे आपण डोळ्यांनी बघितलंय.

दुसरा धोका सोयरिकीचा. एका आडनावाचं मंडळ निघालं की पुढची पायरी ठरलेली. ‘आपल्यातले’ कोण, ‘त्यांच्यातले’ कोण. सोमवंशी कोण, लाडवान कोण, अंधवान कोण. आपल्या साडेबारा पोटजाती मोडायला कार्यकर्त्यांनी हयात घालवली. त्या पुन्हा मागच्या दारानं आत येतात, अन् हातात वंशावळीचा कागद घेऊन येतात.

सगळ्यात मोठी गोष्ट आता सांगतो. वंशावळीचा साचाच असा आहे की तो माणसं लिहिण्याआधी माणसं गाळतो. बाप, बापाचा बाप, त्याचा बाप. बाया गाळल्या. दुसरी बायको गाळली, पाटाची गाळली. आश्रित गाळला, उचलून आणलेलं लेकरू गाळलं. खंडोबाला वाहिलेल्या मुरळीचं, यल्लम्माला सोडलेल्या जोगतिणीचं पोर कुठल्या फांदीवर लिहिणार?

ह्या प्रश्नाचं उत्तर आपल्याच जिल्ह्यातून लिहून आलेलं आहे. अक्कलकोट तालुक्यातलं हन्नूर. तिथल्या शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’ १९८४ साली निघालं. आई महार, बाप लिंगायत पाटील. ज्याला सांभाळलं त्यात एक मुसलमान म्हातारा. अशा पोराची वंशावळ काढायला बसा बघू. कुठल्या मेळाव्यात बसवणार त्याला? पाटलांच्या मेळाव्यात त्याला जागा नाही. महारांच्या भावकीतसुद्धा त्याला अक्करमाशीच म्हणत. शब्द सोनाराच्या तराजूतला आहे. बारा माशांचा तोळा. जे अकराच माशांचं भरतं, ते खोटं, कमअस्सल. माणूस तोलायला हा तराजू सवर्णानं बनवला, पण आपणही तो वापरला. ही आपल्या घरातली घाण आहे, दुसऱ्याच्या नावावर खपवता येणार नाही. ‘अक्करमाशी’नं नुसतं बापाला विचारलं नाही, आपल्यालाही विचारलं की तुमच्या वहीत माझं पान कुठाय?

आणि सीमेवरचं बघा. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर इथल्या आपल्या घरांच्या सोयरिकी पलीकडं, विजापूर-गुलबर्ग्याकडं. आपल्याकडं महार, कानडीत होलेय, तेलुगूत माला. भाषा बदलली की नाव बदललं, वेस तीच राहिली. १९५६ ला राज्यं नव्यानं आखली गेली आणि मावशी एका राज्यात, भाची दुसऱ्यात. पुढं १९९० साली मर्री चंद्रशेखर राव खटल्यात सुप्रीम कोर्टानं ठरवलं की एका राज्यातल्या अनुसूचित जातीचा माणूस दुसऱ्या राज्यात राहायला गेला म्हणून त्याला तिथल्या सवलती मिळत नाहीत. रक्त एक, वेस एक, आणि कागदावर एक आत, एक बाहेर. म्हणजे सरकारचा कागद आणि रक्त ह्यांचं जमतंच असं नाही. आडनाव आणि रक्त ह्यांचं जमत नाही ते आपण आधी पाहिलं. मग मेळावा नेमका कशाचा घ्यायचा?

कुणी म्हणेल, ‘मंग काय बिनमुळाचं ऱ्हायचं का आमी?’ बरोबर आहे. अमेरिकेतल्या काळ्या माणसांनाही हा प्रश्न पडला. त्यांची आडनावं गुलामांच्या मालकांची. माल्कमनं ‘लिटल’ हे आडनाव फेकून दिलं आणि त्या जागी ‘एक्स’ लावलं. जे हिरावून नेलं आणि आता सापडणार नाही, त्याची ती खूण. दुसरीकडं अॅलेक्स हॅलेनं आपलं मूळ शोधत आफ्रिकेतलं गाव गाठलं आणि १९७६ साली ‘रूट्स’ लिहिलं. त्यातली वंशावळ कागदोपत्री टिकत नाही, असं पुढं संशोधकांनी दाखवलं. तरी लाखो काळ्या माणसांनी ते पुस्तक आपलं मानलं. त्यातला पूर्वज त्यांच्या रक्ताचा नव्हता. तो आणला कसा, विकला कसा, नाव कसं पुसलं, हे मात्र त्यांच्याच घरात घडलेलं होतं. मूळ म्हणतात ते हे.

आपल्याकडं तर ह्याहून जुना दाखला आहे. मंगळवेढ्याचा चोखोबा. त्याच्या भक्तीशी आपलं भांडण आहे, ते राहू द्या. पण चौदाव्या शतकातलं एक महार घर आपल्याला नावानिशी माहीत आहे. चोखोबा, त्याची बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, निर्मळेचा नवरा बंका, पोरगा कर्ममेळा. हे घर कुठल्या हेळव्यानं जपलं? कुठल्या उपाध्यानं? कुणीच नाही. ही पाचही माणसं बोलली, त्यांचे अभंग लोकांच्या तोंडी राहिले, म्हणून घर राहिलं. आणि बघा, त्यात बायको आहे, बहीण आहे, मेव्हणा आहे. देवाला जाब विचारणारा पोरगाही आहे. बाप-आज्जा-पणज्याच्या सरळ रेषेत हे घर बसत नाही. आपली वही असली तर अशी असावी.

बुद्धाची गोष्ट तुम्ही विहारात ऐकली असेल. तथागत कपिलवस्तूला आले आणि दारोदार भिक्षा मागायला लागले. शुद्धोदन कळवळून म्हणाला, आपल्या कुळात कुणी असं भीक मागितली नाही. बुद्धानं उत्तर दिलं की ते कूळ राजांचं, तुमचं. माझं कूळ बुद्धांचं. बापाचा अपमान केला नाही, घरच्यांना टाकलंही नाही. पोरगा राहुल, मावशी गौतमी, सगळे पुढं संघात आले. पण ते कुळाचे म्हणून आले नाहीत, धम्मासाठी आले. नद्या समुद्राला मिळाल्या की त्यांची वेगळी नावं राहात नाहीत, हा संघाचा दाखला बाबासाहेबांनी नागपूरच्या भाषणातही दिला होता. आपण तर दोन अनोळखी माणसं भेटलो की आडनाव विचारायच्या आधी ‘जय भीम’ म्हणतो. कामठीच्या बाबू हरदासांनी रूढ केलेला हा शब्द. रक्ताचा संबंध नसलेली कोटभर माणसं एका माणसाच्या नावानं एकमेकांची होतात. एवढी मोठी भावकी असताना पन्नास घरांची कशाला हवी?

म्हणून शोध घेऊ नका असं मी म्हणत नाही. घ्या. म्हातारी माणसं आहेत तोवर घ्या. पण वही वेगळी करा. तिच्यात आईचं नाव आधी लिहा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या कागदावर आईचं नाव सरकारनंच सक्तीचं केलंय, मग आपण आज्जीचं, पणजीचं नाव विचारायला का लाजावं? कोण कुठल्या वेठीला होतं, कोण गिरणीत कुठल्या खात्यात, कोण झाडूला, कोण ऊसतोडीला, ते लिहा. कुणी वेठ नाकारली, दीक्षा कुणी कधी घेतली, नामांतरात काठ्या कुणी खाल्ल्या, ते लिहा. ज्याचा बाप माहीत नाही त्याचं नाव त्याच शाईनं, त्याच ओळीत लिहा. पोटजातीचा रकाना आखूच नका.

आणि मेळावा घ्यायचाच तर एक परीक्षा लावा. कांबळ्यांचा मेळावा म्हणताय ना? मग सगळ्या कांबळ्यांचा घ्या. बौद्ध कांबळे, मातंग कांबळे, चर्मकार कांबळे, सगळ्यांच्या घरी जाऊन पत्रिका द्या. गायकवाडांचा घेताय तर मराठा गायकवाडांच्या वाड्यावरही पत्रिका घेऊन जा. आडनावच नातं असेल तर नातेवाईक म्हणून बोलवायला हरकत काय? कोण येतं, कोण येत नाही, आलेला पंगतीला कुठं बसतो आणि कुणाच्या शेजारी, ते बघा. पत्रिका द्यायला तुमचाच पाय कुणाच्या दारात अडखळतो, तेही बघा. सगळे आले तर आडनाव खरोखर नातं आहे असं मीही मानीन, आणि वाढायला येईन. पण फक्त आपल्याच जातीतले बोलवायचे असं ठरलं, तर बॅनरवर आडनाव लिहू नका. जात लिहा. निदान पोरांना खरं तरी कळेल.

जय भीम.